दोनशे बारा, खालचं

भाजीच्या दुकानात भेंड्यांच्या ढिगापाशी ओलीटा बॅगवेलनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली पिशवी तिनं तिथंच भेंड्यांवर ठेवली, माझ्याजवळ आली आणि माझं मनगट धरलं. नाडी नाही बघितली. हात गरम आहे का, एवढंच पाहिलं. मला वाटलं हिलाच काहीतरी होतंय. बसायला खुर्ची मिळते का म्हणून मी इकडंतिकडं बघायला लागलो, तेवढ्यात ती म्हणाली, "हॉयट, अरे, आम्ही तर तुला गाऊन टाकलं."

ते कसं झालं ते तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, आणि सांगता सांगता पुन्हा एकदा माझा हात चाचपला. आमच्या लोकांत, म्हणजे चर्चमध्ये जमून जुन्या पुस्तकातली भजनं गाणाऱ्यांत, वर्षाच्या मोठ्या बैठकीत, जेवणाआधी, कुणीतरी उठून त्या वर्षात गेलेल्यांची नावं वाचतं आणि त्यांच्यासाठी एक गाणं होतं. मग जे अंथरुणाला खिळलेत, येऊ शकत नाहीत, त्यांची नावं येतात आणि त्यांच्यासाठी दुसरं गाणं. वसंतात माझी छाती उघडून शिवली होती. माझं नाव दुसऱ्या नावांत हवं होतं, ते पहिल्यांत वाचलं गेलं. वाचणारी डेल्मर पुएटची सून. डेल्मर बैठकीचा अध्यक्ष, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलेलं. नवखी होती, घाबरली होती, तिनं एका दमात सगळं वाचून टाकलं. कुणाला खटकलंही नाही. यात नवल काही नाही. माझी बायको नेल्डा गेल्यापासून मी बैठकीला जाणं सोडलं होतं, आणि आमच्याकडे जो माणूस येत नाही तो एकतर आजारी असतो नाहीतर मेलेला. तो रुसलेला असेल, हे आमच्या लोकांच्या डोक्यात येत नाही.

"बाया ढसाढसा रडल्या," ओलीटा म्हणाली. "मीपण रडले. तुझं घर इथून हाकेच्या अंतरावर, आणि मला मेलीला एक फोन करायचं सुचलं नाही. आता माझे अश्रू परत कर."

मी हसलो. हसताना छातीतली शिवण ओढली गेली. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की माझ्यासाठी म्हटलंत तरी काय. तिला तो प्रश्नच वेडगळ वाटला. माझंच की, ती म्हणाली, दुसऱ्या कुणाचं म्हणणार. डेल्मर उठला, म्हणाला, हॉयटकाकांचं, दोनशे बारा. आणि असा काही आवाज उठला की चर्चचं छप्पर उडायचं राहिलं. नंतर ती बरंच बोलली, माझ्या जेवणाबद्दल, औषधांबद्दल, एकट्यानं राहण्याबद्दल. मी माना डोलावत राहिलो. भेंडी घ्यायची राहिली, ते घरी पोचल्यावर लक्षात आलं.

घर म्हणजे दोन खोल्या, आणि मागच्या बाजूला एक खिडकी. तिच्यातून पलीकडच्या इमारतीची आगीची शिडी दिसते. मी खिडकीशी बसलो. आपण मेलो असं लोकांनी धरलं होतं, याचं मला काहीच वाटलं नाही, हे स्वतःलाच जरा विचित्र वाटलं. वाटला तो मत्सर. तो जो दुसरा हॉयट टिडमोर होता, मेलेला, त्याचा मला मत्सर वाटला. त्याच्यासाठी ते गाणं म्हटलं गेलं होतं. माझ्यासाठी, जिवंतपणी, एकदाही नाही. बाकांवर बसून मी म्हातारा झालो, पण कुणी उठून दोनशे बाराचं खालचं गाणं पुकारलं नाही. आणि आता म्हटलं, छप्पर उडेल असं म्हटलं, तर मी इथं खिडकीत बसलो होतो, नाहीतर सूप गरम करत होतो. आणखीही काहीतरी टोचत होतं. ते काय आहे ते मला बघायचं नव्हतं, म्हणून मी बघितलं नाही.

आमचं पुस्तक आडवं असतं, आणि पुष्कळ पानांवर दोन गाणी असतात, वर एक आणि खाली एक. दोनशे बारा नंबरच्या पानावर वर एक जुनं गाणं आहे, माझ्या पणजोबांच्याही आधीचं. ते कुणी रचलं ते कुणाला ठाऊक नाही आणि ते पाठ नाही असा माणूस आमच्यात नाही. त्याच्या खाली माझं. शब्द माझे आणि सूरही माझे. आमच्याकडे हेसुद्धा थोडं शेफारल्याचंच लक्षण. नवा सूर बांधणारा माणूस शब्द जुनेच घेतो; दोन-तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा धर्मोपदेशकाचे. त्यात नम्रता असते, आणि शब्द चुकले तर आपली जबाबदारी नसते. मी दोन्ही केलं. तेव्हापासून डेल्मरचा बाप मला 'आमचे कवी' म्हणायचा, आणि म्हणताना असा आदबीनं टोपीला हात लावायचा की ऐकणाऱ्यांची हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. पोटापाण्यासाठी मी लोखंडी पाइपांच्या कारखान्यात नकाशे काढायचो. दिवसभर सांधे, वळणं, व्यास. संध्याकाळी टॉलिव्हर स्ट्रीटच्या थांब्यावर बसची वाट बघत उभं राहायचं, मागं भट्टीचा धूर, अंगाला लोखंडाचा वास, आणि तिथंच ते शब्द आले. आले म्हणजे काय, बस उशिरा आली म्हणून आले.

दिवा विझव, दार लोट,
आता कुणी यायचं नाही;
ज्याची वाट पाहत होतो
तो घरातच बसून राही.

आमच्यात सुराला नाव द्यायची रीत आहे, गावाचं, नाहीतर ओढ्याचं, नाहीतर माणसाचं. मी 'टॉलिव्हर स्ट्रीट' असं दिलं. पुस्तकात कुठली गाणी घ्यायची ते ठरवणाऱ्या समितीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, की देवाच्या गाण्याला बसथांब्याचं नाव देतोस, उद्या तिकिटाचे दरही छापायचे का. तरी त्यांनी ते घेतलं. त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. नेल्डानं मटारच्या शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं झालं, आता जेवायला बस.

सूर मी स्वयंपाकघरात बांधला. आमच्या घरी पियानो नव्हता आणि आमच्या गाण्याला तो लागतही नाही. चार आवाज: सगळ्यांत उंच ट्रेबल, मग बायकांचा खालचा आल्टो, मग पुरुषांचा टेनर, आणि सगळ्यांत जाड बेस. चारही स्वतंत्र हवेत. ज्याला त्याला आपली ओळ हे खरं गाणं वाटलं पाहिजे, मग तो बेस का असेना. हे मला लहानपणापासून माहीत होतं, दुसऱ्यांना मी ते तावातावानं सांगायचोही. मी टेबलाशी बसून टेनरची ओळ म्हणायचो, आणि नेल्डा माझ्याकडे पाठ करून भांडी घासता घासता आल्टो म्हणायची. ती आयुष्यभर आल्टोच गायली. पहिल्या खेपेला ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मला एकाच सुरावर किती वेळ उभं करशील? आल्टो म्हणजे काय खांब आहे?" मी खोडलं, बदललं. पुन्हा म्हणाली, पुन्हा थांबली. असं कित्येक संध्याकाळी चाललं. शेवटी एकदा ती थांबली नाही. नळ वाहत राहिला आणि ती शेवटपर्यंत म्हणत गेली, आणि मी टेनर म्हणायचंच विसरलो. बेस आणि ट्रेबल कागदावर होते. आमच्या घरात माणसं दोनच होती, त्यामुळं चारही आवाज मिळून ते कसं वाजतं हे मला कधी कळलं नाही. ते कळायची जागा एकच आहे. आम्ही बाकं चौकोनात मांडतो, चारी बाजूंना चार आवाज, सगळ्यांची तोंडं आत. ऐकायला कुणी नसतं, सगळे गाणारेच. ज्याची पाळी येते तो मध्ये उभा राहतो, नंबर पुकारतो, हात खाली-वर करून ठेका देतो, आणि चारी बाजूंनी आलेला आवाज त्याच्या अंगावर पडतो. बाकांवर बसलेल्याला आपलाच कोपरा ऐकू येतो. अख्खं गाणं फक्त मधल्या माणसाला मिळतं. मला ते एकदा हवं होतं. बाकी काही नको होतं, नाव नको, टोप्या काढायला नको. मध्ये उभं राहून एकदा ऐकायचं होतं.

पण आपलं गाणं आपण पुकारायचं नसतं. असा काही कायदा नाही. पण पंगतीत बसून आपल्याच हातानं आपल्या पानात वाढून घेण्याइतकं ते लाजिरवाणं आहे. बायकोनं पुकारलं तरी तेच. नेल्डा प्रत्येक बैठकीच्या आधी मोटारीत म्हणायची, मी पुकारते, काय खातात का मला. मी तिला दटावायचो. मग बाकावर बसून वाट बघायची. कुणी 'दोनशे' एवढं म्हटलं की मी आधीच ते पान उघडायचो. दोनशे दहा. दोनशे चौदा. कधी दोनशे बारासुद्धा. आणि मग सगळे वरचं म्हणायचे. पुकारणाऱ्याला 'वरचं' असं सांगायचीही गरज पडत नसे, कारण खालचं म्हणायचं कुणाच्या मनातच नसे. मीही तोंड उघडून वरचंच म्हणायचो, डोळे खालच्या ओळींवर ठेवून. नेल्डाच्या शेवटच्या वर्षी मी तिला पुकारू द्यायला हवं होतं का, याचा विचार मी करत नाही. ती गेली, आणि मला बाकावर बसायचं काही कारण उरलं नाही. आता पुस्तकाची नवी छपाई व्हायची होती, आणि जी गाणी कुणी म्हणत नाही ती गाळायची असं समितीनं ठरवलं होतं. हेही ओलीटानंच मागं फोनवर सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर घाईनं हवेबद्दल बोलली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेल्मरचा फोन आला. ओलीटानं गावभर दवंडी पिटली असणार. "हॉयटकाका, तुम्ही मला चांगल्या कचकचीत शिव्या घाला," तो म्हणाला. मी म्हटलं, मेल्यापासून शिव्या आठवत नाहीत रे. तो गरजेपेक्षा जास्त वेळ हसला. सुनेनं हे कळल्यापासून नीट जेवण केलेलं नाही, रविवारी लहान बैठक आहे, ओलीटा तुम्हाला गाडीनं घेऊन येईल, तुम्ही या आणि मध्ये उभं राहून तुमचं गाणं तुम्हीच चालवा, यावेळी कुणी काही म्हणणार नाही. हे सगळं तो भराभर बोलला. डेल्मर मनाचा चांगला आहे, बापासारखा नाही. मी फोनची दोरी बोटाला गुंडाळत होतो. मग मला राहवलं नाही आणि मी विचारलं, की त्या दिवशी झालं कसं.

"काय सांगू काका. ते बेस आधी एकटेच उठतात ना, आणि मग टेनर त्यांच्या पाठोपाठ, मग बाया. माझ्या अंगावर आत्ता काटा आलाय, खरं सांगतो. एवढ्या वर्षांत तसं झालं नव्हतं."

माझ्या गाण्यात बेस आधी उठत नाहीत. माझ्या गाण्यात चारही आवाज एकदम निघतात आणि एकदम थांबतात. एकामागून एक उठतात ते वरच्या गाण्यात.

मी म्हणालो, "हो, बेसना काम आहे खरं तिथं." आणि रविवारी येतो म्हणून फोन ठेवला. बोटाला गुंडाळलेली दोरी सोडवायला वेळ लागला. टोचत होतं ते हे होतं, आणि ते मला भाजीच्या दुकानातच कळलं होतं, हेही आता कबूल करणं भाग होतं. डेल्मरनं नुसतं 'दोनशे बारा' म्हटलं असणार, आणि सगळा चौकोन सवयीनं वर गेला. त्यात कुणाचा दोष काढणार? त्यांनी माझ्यासाठी डोळ्यांतून पाणी काढलं, दुसऱ्याच्या गाण्यावर. मला खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, पुन्हा येऊन बसलो आणि मला इतका राग आला की शिवणीखाली धडधडायला लागलं. मेल्यावरसुद्धा नाही. माणसानं आणखी काय करायचं? त्या रागाच्या भरात मी ठरवलं, की रविवारी जायचं आणि नुसता नंबर नाही पुकारायचा, पुढचा शब्दही पुकारायचा. मग संध्याकाळपर्यंत तो राग हळूहळू उतरत गेला आणि त्याच्या जागी भीती आली. मी ते गाणं मनात म्हणून पाहिलं. नेल्डाचा आवाज लगेच आला, नळाच्या पाण्यासकट. बेस काय म्हणतात ते मला पुस्तक उघडून बघावं लागलं.

रविवारी चर्चमध्ये लोकांनी मला हात लावून लावून घेतलं. जो भेटेल तो खांद्याला, दंडाला हात लावायचा. डेल्मरची सून समोर आली आणि नुसती उभी राहिली. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि सांगितलं, की तू माझं नाव इतकं स्पष्ट वाचलंस म्हणे, आजवर कुणी वाचलं नव्हतं. ती रडतरडत हसली. बेसमधला एक जाड्या म्हणाला, "काय काका, वर टेनरांची जागा भरली म्हणून परत धाडलं का तुम्हाला?" मी म्हटलं, वर सगळे बेसच आहेत, ऐकवेना म्हणून आलो. सगळं अगदी पूर्वीसारखं चाललं होतं. बाहेर झाडाखालच्या टेबलांवर झाकून ठेवलेल्या तळलेल्या कोंबडीचा वास खिडकीतून आत येत होता. मी टेनरच्या बाकावर मागं बसलो आणि एका गाण्यातही माझा आवाज नीट लागला नाही. समोर आल्टोंची बाकं. पुढच्या बाकावर कडेला नेल्डा बसायची, तिथं एक अनोळखी बाई होती, मध्यम वयाची, निळ्या स्वेटरमधली. टेकड्यांपलीकडून आलेली असावी.

डेल्मरनं माझं नाव घेतलं, यावेळी जिवंत माणसाचं घेतात तसं, आणि मी मध्ये जाऊन उभा राहिलो. "दोनशे बारा," मी म्हणालो. काहींनी पुस्तकं उघडलीच नाहीत. बेसची माणसं बाकाच्या कडेला सरकून बसली, सुरुवात त्यांची होती. सगळ्यांचे चेहरे इतके मायाळू दिसत होते की मला वाटलं, जाऊ दे, यांना वरचंच म्हणू दे, कुणाचं काय बिघडतं. पण माझं वय आणि माझी छाती बघता मला अशी दुसरी संधी मिळायची नव्हती.

"खालचं," मी म्हणालो.

पान उलटायचं नव्हतं, नुसते डोळे खाली न्यायचे होते. तेवढ्याला खूप वेळ लागला. कुठंतरी पुस्तक उघडल्याचा आवाज झाला. आधी डेल्मरला कळलं. त्याची मान लाल झाली. मग ओलीटाला. तिनं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग ते बाकावरून बाकावर सरकत गेलं. सूर देणाऱ्यानं सूर दिला आणि मी हात खाली आणला.

आम्ही आधी नुसती सुरांची नावं म्हणतो, मग शब्द. ते गाणं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, पण हे लोक रस्त्यावरची पाटी वाचावी तसे सूर वाचतात. अडखळले ते एकदाच, दुसऱ्या ओळीला. मग शब्द आले. चारी बाजूंनी ते माझ्या अंगावर आलं, पूर्ण मोठ्यानं, मन लावून. ज्याची माफी मागता येत नव्हती त्याची ते गाऊन भरपाई करत होते. मी ऐकलं. बेस खाली उभे होते, नुसते उभे, ओझं धरून. ट्रेबल वर कुठं जावं हे न कळून तिथल्या तिथं घुटमळत होते. टेनर, माझी स्वतःची ओळ, सरळ रस्त्यानं जाऊन परत येत होती. आणि त्या सगळ्यांमधून आल्टो चालली होती, वळत, थांबत, पुन्हा निघत, असं की सगळ्या घरात तीच एक जिवंत आहे. बाकीचे तिघं तिला वाट करून द्यायला मांडलेले होते. मला इतकं स्पष्ट ऐकू आलं की माझा ठेका चुकला. कुणी अन्याय केला नव्हता. बेसच्या माणसानं हे कशासाठी पुकारावं? त्याला त्यात म्हणायलाच काही नव्हतं. चौघांचं गाणं मी बांधलंच नव्हतं. लोकांना हे पहिल्याच खेपेला पान चाळताना कळलं होतं, आणि इतकी वर्षं त्यांनी मला ते सांगितलं नाही, ही त्यांची माया होती. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी ती ओळ शेवटाकडे निघाली होती आणि ती थांबू नये असंही वाटत होतं.

कडवं संपलं. पुढची कडवी होती. मध्ये उभ्या माणसानं हात उचलला की लोक पुढं जातात. सगळे माझ्या हाताकडे बघत होते, मी म्हटलं असतं तर त्यांनी सगळं गाणं म्हटलं असतं. मी हात खाली सोडला. कुणीतरी हळूच 'आमेन' म्हणालं.

बाकाकडे परत जायला आल्टोंच्या समोरून जावं लागतं. त्या निळ्या स्वेटरवाल्या बाईनं माझी बाही ओढली. ती पुढं वाकून अगदी हळू आवाजात बोलली. "हे आल्टोंसाठीच लिहिलंय ना हो? आम्हाला एवढं कुणी देत नाही."

"आल्टोंसाठी नाही," मी म्हणालो. "एका आल्टोसाठी."

ती काहीतरी बोलणार होती. पण पुढच्या माणसानं मध्ये येऊन त्याचा नंबर पुकारला होता, आणि तिनं पान उलटलं.